चंदीचा पाषाण आणि भीमेची छावणी

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागांत, माळशिरस तालुक्यांत वेळापूर हें गांव आहे. आषाढीच्या वारींत ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीचा मुक्काम येथें पडतो, त्यामुळें ज्यांनीं गांव पाहिलेलें नाहीं अशा मराठी घरांतूनहि त्याचें नांव परिचयाचें आहे. गांवांतील अर्धनारीनटेश्वराचें देवालय यादवांच्या काळचें. रामचंद्र यादवाच्या कारकीर्दीचे शिलालेख तेथें आहेत. देवालयाचा दगड काळा, घट्ट आणि बारीक कणांचा. या मुलखांतील जुने वाडे, विहिरींचीं बांधकामें, स्वयंपाकघरांतील जातें आणि पाटा-वरवंटा हीं सारीं याच दगडाचीं. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून उसळलेला तप्त रस थरावर थर पसरून थिजला, आणि त्यापासून महाराष्ट्राचा बहुतेक भाग झांकून टाकणारा हा काळा पत्थर, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यांपायऱ्यांचे दिसतात, त्यांचे माथे बहुधा सपाट असतात आणि थरांच्या सांध्यांतून झिरपलेल्या पाण्यानें गडावरचीं टांकीं भरतात, याचें कारण हेंच. गड म्हटला कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें, तें या दगडानें घडविलेलें आहे.

परंतु मराठी राज्यावर जेव्हां सर्वांत बिकट प्रसंग आला, तेव्हां तें ज्या डोंगराच्या आश्रयानें तगलें, तो या जातीचा नव्हता. तो डोंगर म्हणजे तामिळ देशांतील जिंजीचा राजगिरी. तो ग्रॅनाइटचा आहे. जुन्या मराठी कागदांत जिंजीस ‘चंदी’ म्हटलेलें आढळतें. तामिळ लोक तिला ‘सेंजी’ म्हणतात. वेळापुरापासून ती शेंकडों मैल दूर असली, तरी तिच्या इतिहासाचें एक टोंक वेळापूरच्याच परिसरांत गुंतलेलें आहे. वेळापूरच्या उत्तरेस थोड्याच कोसांवर, नीरा नदीच्या कांठीं अकलूज आहे. १६८९ च्या फेब्रुवारींत औरंगजेब बादशहाचा तळ तेथें पडलेला होता, आणि संगमेश्वरास संभाजीमहाराज पकडले गेल्याचें वृत्त त्यास याच तळावर मिळालें. अकलूजचें नांव असदनगर ठेवण्यांत आलें. पुढच्याच महिन्यांत महाराजांचा वध झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत रायगड पडला. येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या हातीं सांपडले. विजापूर १६८६ मध्यें आणि गोवळकोंडें १६८७ मध्यें आधींच बुडालेलें होतें. दक्षिणेचें युद्ध आतां संपलें, असें बादशहाच्या दरबारीं मंडळींस वाटलें असल्यास त्यांत नवल नाहीं. तें त्यानंतर आणखी अठरा वर्षें चाललें. त्या अठरांपैकीं आठ वर्षें चंदीच्या पाषाणानें दिलीं.

हा पाषाण कसा असतो हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, कारण पुढील हकीकतीशीं त्याचा संबंध आहे. काळा पत्थर भूमीवर येऊन लवकर निवतो, म्हणून त्याचे कण बारीक असतात. ग्रॅनाइट भूमीच्या पोटांत खोल जागीं अतिशय सावकाश निवतो. त्यामुळें त्यांतील गारगोटीचे, फेल्स्पारचे व अभ्रकाचे कण वेगवेगळे आणि साध्या डोळ्यांना दिसण्याइतके मोठे होतात. वरची भूमि युगानुयुगें झिजून गेली म्हणजे हा खडक उघडा पडतो. त्यास आडवे थर नसतात. भेगांतून पाणी शिरून कडा झिजतात, कोपरे गोल होतात, आणि अखेर राहतात ते प्रचंड गोट्यांसारखे धोंडे, एकावर एक कोणी राक्षसानें रचून ठेवावे तसे. जिंजीच्या भोंवतालचा ग्रॅनाइट सुमारें अडीचशें कोटी वर्षांचा समजला जातो. त्याच्या मानानें सह्याद्रीचा दगड कालचा म्हणावा लागेल.

ग्रॅनाइटचीं शिखरें जगांत इतरत्रहि प्रसिद्ध आहेत. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत योसेमिटी या नांवाचें राष्ट्रीय उद्यान १८९० मध्यें राखून ठेवण्यांत आलें. त्यांतील एल कॅपिटान नांवाचा ग्रॅनाइटचा सुळका दरीपासून सुमारें तीन हजार फूट सरळ उभा आहे. त्याच्या कड्यावरून माणूस प्रथम माथ्यावर पोंचला तो १९५८ मध्यें, आणि त्यास दीड वर्षाच्या अवधींत मिळून पंचेचाळीस दिवस खडकाला खिळून राहावें लागलें. त्या गिर्यारोहकांवर वरून कोणी धोंडे लोटीत नव्हतें, हें मात्र ध्यानांत ठेवावें. राजगिरी त्याच्या चतुर्थांशाहून थोडा अधिक, म्हणजे सुमारें आठशें फूट उंच आहे. पण त्याच्या माथ्यावर तोफा होत्या आणि त्यांच्यामागें माणसें होतीं.

जिंजी म्हणजे एक डोंगर नव्हे. पश्चिमेस राजगिरी, उत्तरेस कृष्णगिरी आणि आग्नेयीस चंद्रगिरी अशा तीन टेकड्या मैदानांतून एकाएकीं वर उठलेल्या आहेत. तिन्ही स्वतंत्रपणें तटबंद असून, त्यांना जोडणारा तट त्रिकोणाच्या आकारानें मैदानावरून धांवतो. या सर्वांचा घेर सुमारें आठ मैल भरतो. तट कांहीं ठिकाणीं साठ फूट जाड असून त्याच्या बाहेर ऐंशीं फूट रुंदीचा खंदक आहे. आंत धान्याचीं कोठारें, तलाव, देवळें, राजवाडा आणि मजल्यांवर मजले चढविलेला कल्याणमहाल आहे. मैदानांतील हें सर्व शत्रूच्या हातीं गेलें तरी राजगिरीचा माथा हातचा जात नाहीं. चढ चढून वर आलें म्हणजे शेवटीं एक नैसर्गिक घळ आडवी येते. ती सुमारें चोवीस फूट रुंद व साठ फूट खोल आहे. तिच्यावर लांकडी पूल टाकलेला असे. तो ओढून घेतला कीं माथा जगापासून तुटला. थोड्या माणसांनीं मोठ्या सैन्यास अडवून धरावें अशी योजना येथें निसर्गानेंच करून ठेविलेली होती. इंग्रज लोकांनीं पुढें या किल्ल्यास पूर्वेकडील ट्रॉय असें नांव दिलें, आणि इंग्रजांच्या सर्व उपमांप्रमाणें ती थोडी सैल असली तरी अगदींच अस्थानीं नाहीं.

विजयनगरच्या सत्तेखालील नायकांनीं हा किल्ला वाढविला व सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तो विजापूरकरांकडे गेला. मराठी इतिहासांत त्याचा प्रवेश होतो तो १६७७ मध्यें. राज्याभिषेकानंतर तिसऱ्या वर्षीं शिवाजीमहाराज भागानगरास कुतुबशहाची भेट घेऊन कर्नाटकांत उतरले, आणि विजापूरचा किल्लेदार नासिर महंमद याजकडून त्यांनीं जिंजी जवळजवळ बिनलढतां घेतली. तेवढ्यावर ते थांबले नाहींत. त्या काळीं मदुरेच्या मुलखांत असलेल्या जेझुइट पाद्र्यांनीं महाराजांच्या तेथील बांधकामाविषयीं आश्चर्यानें लिहिलेलें आहे. जुन्या तटांतील निरुपयोगी भाग पाडून, नवे तट, नवे बुरूज आणि खोल खंदक त्यांनीं अशा बेतानें बांधविले कीं, हें काम युरोपियनांनाहि मान खालीं घालावयास लावणारें आहे असें या मंडळींस वाटलें. पुढील वर्षीं वेलोरहि हातीं आलें.

हे किल्ले पुढें उपयोगी पडतील हें महाराजांस आधींच ठाऊक होतें काय, याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. स्वारीचा हेतु द्रव्य मिळविणें हा होता असें कोणी म्हणतात, तंजावरच्या व्यंकोजीराजांकडून वांटणी घेणें हा होता असें दुसरे म्हणतात. दोन्हींत तथ्य असेल. परंतु केवळ खंडणी घेऊन परतणारा माणूस एवढे खंदक खोदीत बसत नाहीं. राज्याच्या पाठीशीं सह्याद्रीखेरीज दुसरा एखादा डोंगर असावा, हा विचार या बांधकामांत स्पष्ट दिसतो.

तो डोंगर राजाराममहाराजांस उपयोगी पडला तेव्हां त्यांचें वय एकोणीस वर्षांचें होतें. १६८९ च्या सप्टेंबरअखेर त्यांनीं पन्हाळा सोडला. प्रल्हाद निराजी, खंडो बल्लाळ आदि मोजकीं माणसें लिंगायत यात्रेकरूंच्या वेषांत त्यांच्याबरोबर निघालीं. बेदनूरच्या राणी चेन्नम्मेनें बादशहाचा रोष पत्करून त्यांना वाट करून दिली. या उपकाराची आठवण महाराष्ट्रानें व्हावी तितकी ठेविलेली नाहीं. बंगळुराजवळ संशय येऊन कांहीं मंडळी पकडलीं गेलीं व त्यांचा छळ झाला, पण महाराज कोणते व ते कोठें गेले हें कोणीं सांगितलें नाहीं. ऑक्टोबरच्या अखेरीस ते वेलोरास पोंचले आणि नोव्हेंबराच्या आरंभीं चंदीस. तेथेंहि दरवाजा लगेच उघडला नाहीं. किल्ल्याचे अधिकारी हरजीराजे महाडिक नुकतेच वारलेले होते, आणि त्यांच्या पत्नी अंबिकाबाई, म्हणजे राजाराममहाराजांच्या सावत्र भगिनी, किल्ला स्वाधीन करण्यास आरंभीं नाखूष होत्या. अखेर समेट झाला. चंदीस सिंहासन मांडलें गेलें, अष्टप्रधान नेमले गेले, आणि प्रल्हाद निराजीसाठीं प्रतिनिधि हें नवें पद निर्माण झालें. महाराष्ट्रांत रामचंद्रपंत अमात्य यांनीं ‘हुकुमतपनाह’ म्हणून राज्य चालवावें, आणि सह्याद्रीपासून दूर असलेल्या ग्रॅनाइटच्या डोंगरावरून राजानें सनदा पाठवाव्या, असा हा विलक्षण कारभार सुरू झाला.

१६९० च्या सप्टेंबरांत झुल्फिकारखान किल्ल्याखालीं येऊन ठेपला. रायगड घेणारा सरदार तो हाच. त्याचा बाप असदखान बादशहाचा वजीर होता. खानास लौकरच कळून आलें कीं, आठ मैलांचा घेर आवळण्यास पुरेसें सैन्य आपल्यापाशीं नाहीं. त्यानें कांहीं दरवाज्यांसमोर मोर्चे लाविले. उरलेल्या वाटांनीं मराठ्यांचीं माणसें, धान्य व पत्रें पूर्वींप्रमाणें येत-जात राहिलीं. मोगलांच्या हातांतील मोठें शस्त्र म्हणजे सुरुंग. सातारच्या किल्ल्यास १६९९-१७०० मध्यें बादशहानें स्वतः वेढा घातला तेव्हां त्यांनीं तेथील खडक पोखरून सुरुंग भरले व तटाचा भाग उडविला. दुसरा सुरुंग उलटा फुटून शेंकडों मोगलच गाडले गेले, ही गोष्ट वेगळी. अखंड ग्रॅनाइटांत अशा उद्योगास वाव थोडा. तोफांचे गोळे गोल धोंड्यांवरून घसरून जात. शिवाय त्या किनाऱ्यावर मोठा पाऊस येतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळांत. उत्तरेकडून आलेल्या फौजांस दसऱ्यानंतर मोहिमेचे दिवस सुरू होतात अशी संवय. येथें त्याच सुमारास त्यांचे तंबू पाण्यांत उभे राहत.

राजगिरीवर मात्र पैसा नव्हता. तो उभा करण्यासाठीं जे व्यवहार झाले त्यांतील एकाची कथा मोठी चमत्कारिक आहे. कडलूरजवळ तेग्नापट्टणम् येथें मराठ्यांचा एक लहान किल्ला होता. १६९० मध्यें तो मद्रासच्या इंग्रजांस विकण्यांत आला. करारांत असें ठरलें कीं, किल्ल्यावरून तोफ डागावी आणि गोळा जेथवर जाईल तेथवरची भूमि इंग्रजांची व्हावी. मद्रासचा गव्हर्नर त्या वेळीं एलिहू येल हा होता. अमेरिकेंतील येल विद्यापीठास पुढें ज्याचें नांव मिळालें तो हाच. इंग्रजांनीं अर्थातच लांब पल्ल्याची तोफ निवडली. गोळ्याच्या टप्प्यांत आलेलीं गांवें पुढें कित्येक वर्षें ‘गुंडु ग्राम’, म्हणजे गोळ्याचीं गांवें, या नांवानें ओळखलीं जात. या किल्ल्याचें नांव सेंट डेव्हिड ठेवण्यांत आलें, आणि अठराव्या शतकांत तो इंग्रजांच्या दक्षिणेंतील सत्तेचा एक आधार बनला. चंदी वांचविण्यासाठीं दिलेल्या किंमतींत ही एक रक्कम धरलीच पाहिजे.

वेढ्याचा सर्वांत मोठा प्रसंग १६९२ च्या डिसेंबरांतला. महाराष्ट्रांतून संताजी घोरपडे व धनाजी जाधव मोठें घोडदळ घेऊन कर्नाटकांत उतरले. संताजीनें कांचीजवळ मोगल फौजदार अलीमर्दानखान यास कैद केलें. धनाजीच्या सैन्यानें किल्ल्याखालींच इस्माइलखान मका यास जखमी करून धरलें. वेढा घालणारेच वेढले गेले. छावणींत धान्य मिळेना. बादशहाचा धाकटा मुलगा कामबक्ष त्या वेळीं सेनेबरोबर होता. बादशहा मरण पावला अशी हूल उठली, आणि शहाजाद्यानें गुप्तपणें राजाराममहाराजांशीं बोलणें सुरू केलें. हें असदखानास कळतांच त्यानें बादशहाच्या मुलास पकडून पहाऱ्यांत ठेविलें. मराठ्यांच्या तलवारी समोर, संशय तंबूंत आणि पाऊस डोक्यावर, अशा स्थितींत १६९३ च्या आरंभीं मोगलांनीं वेढा उठविला, आणि मागें न्यावयास अवघड झालेला तोफखाना निकामी करून ते वांदिवाशास परतले.

येथून पुढें वेढ्याचें स्वरूप बदललें. झुल्फिकारखान परत आला, पण कधीं तो तंजावरकडे खंडणी उकळण्यास जाई, कधीं मोर्चे लावी, कधीं ते उठवी. त्याच्याच सैन्यांत दलपतराव बुंदेल्याच्या पदरीं असलेल्या भीमसेन सक्सेना या कायस्थ लेखकानें आपल्या फारसी आठवणींत उघडच म्हटलें आहे कीं, खानाच्या मनांत असतें तर किल्ला कधींच पडला असता. परंतु मोहीम लांबविणें हाच या सरदारांचा रिवाज झालेला होता. खान आणि राजाराममहाराज यांचें अंतस्थ सूत होतें, असेंहि त्या काळीं अनेकांचें मत होतें. त्यामागचा तर्क सोपा आहे. बादशहा पाऊणशें वर्षांचा. तो गेल्यावर शहाजाद्यांत युद्ध होणार, तेव्हां दक्षिणेंत आपला एक मित्र असावा. चंदी पडली कीं खानाची निराळी सेना, निराळा खजिना आणि निराळा मान संपला. डोंगर दुर्भेद्य होता यांत शंका नाहीं, पण त्याच्या दुर्भेद्यतेंत शत्रूच्या सेनापतीचीहि थोडी गरज मिसळलेली होती, हें प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे.

या काळांत बादशहा स्वतः कोठें होता? १६९५ च्या मे महिन्यापासून १६९९ च्या ऑक्टोबरापर्यंत तो सोलापूर जिल्ह्यांतच होता. नीरा नरसिंहपुरास भीमेस मिळते. भीमेच्या कांठानें पंढरपुरावरून खालीं गेलें म्हणजे मंगळवेढ्याच्या बाजूस माचणूर व ब्रह्मपुरी हीं गांवें लागतात. ब्रह्मपुरीस इस्लामपुरी असें नांव देऊन बादशहानें तेथें आपलें मुख्य ठाणें केलें. माचणूरास भीमेच्या कांठीं त्याच्या किल्ल्याचे अवशेष अद्याप आहेत, आणि त्यांच्या शेजारीं सिद्धेश्वराचें देऊळहि आहे. काबुलापासून बंगालपर्यंतच्या साम्राज्याचा कारभार सुमारें साडेचार वर्षें या नदीकांठच्या तंबूंतून चालला. चंदीच्या वेढ्याचीं पत्रें येथें येत व हुकूम येथून सुटत. एका टोंकास भीमेचा काळा पत्थर, दुसऱ्या टोंकास ग्रॅनाइटचा डोंगर, आणि मधल्या सर्व वाटांवर संताजी-धनाजींचे स्वार. खजिने लुटले जात, रसदा तुटत. १६९५ च्या अखेरीस दोड्डेरी येथें संताजीनें कासिमखानाची सेना कोंडून त्याचा नाश केला, आणि लगेच पुढें हिंमतखानहि पडला, हीं वृत्तें बादशहास ब्रह्मपुरीसच ऐकावीं लागलीं. १६९७ च्या पावसाळ्यांत भीमेस महापूर येऊन छावणीची मोठी हानि झाली.

परंतु त्याच वर्षीं ब्रह्मपुरीस एक आनंदाचें वृत्तहि पोंचलें होतें, आणि मराठी वाचकास या सर्व हकीकतींत तेंच अधिक झोंबतें. राजाची राजधानी एकीकडे व राज्य दुसरीकडे, ही स्थिति आठ वर्षें टिकविण्यास सरदारांस स्वतंत्रता देणें भाग होतें. शिवाजीमहाराजांनीं वतनें व जहागिरी देण्याचें टाळलें होतें. चंदीहून त्या मुक्त हस्तानें दिल्या जाऊं लागल्या, नाहींतर त्याच माणसांस बादशहा त्या देण्यास तयारच होता. १६९१ च्या एका सनदेंत हणमंतराव घोरपडे यांस रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि शेवटीं दिल्ली घेतल्यास क्रमाक्रमानें सरंजाम देण्याचें वचन आहे. वेढ्यांत सांपडलेल्या राजानें दिल्लीचा सरंजाम वांटावा याचें हसूं येईल, पण सत्तर वर्षांच्या आंत मराठे दिल्लीस पोंचले, हें लक्षांत घेतां तें हसूं आवरतें. अशा स्वतंत्रतेबरोबर मत्सरहि वाढला. संताजी कडक शिस्तीचा, तोंडाचा फटकळ, धनाजी मनमिळाऊ. दरबारांत धनाजीचें वजन वाढलें. १६९६ मध्यें कर्नाटकांतच दोघांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या, आणि स्वतः राजाराममहाराज धनाजीच्या पक्षांत होते. संताजीचा जय झाला. पकडलेल्या अमृतराव निंबाळकरास त्यानें ठार करविलें. महाराजांपुढें मात्र तो नम्रपणें उभा राहिला. हा जयच त्यास भोंवला. त्याचे लोक त्यास सोडून धनाजीकडे जाऊं लागले. १६९७ च्या जूनांत, एकाकी फिरत असतां, शंभुमहादेवाच्या डोंगरांत म्हसवडच्या नागोजी मान्यानें त्याचा शिरच्छेद केला. नागोजीची पत्नी अमृतरावाची बहीण होती.

शंभुमहादेवाचे हे डोंगर वेळापूरच्या पश्चिमेस आहेत. माळशिरस व माण या तालुक्यांचे लोक पिढ्यान् पिढ्या त्यांतून शिखर शिंगणापूरच्या यात्रेस जातात. ज्या सेनापतीनें ग्रॅनाइटचा डोंगर पांच वर्षांपूर्वीं वेढ्यांतून सोडविला, तो या आपल्या काळ्या पत्थराच्या डोंगरांत आपल्याच माणसाच्या हातून मेला, आणि त्याचें मस्तक भीमाकांठच्या छावणींत बादशहापुढें नेण्यांत आलें.

त्यानंतर चंदी फार दिवस टिकली नाहीं. वेढ्याच्या दिरंगाईनें बादशहा संतापलेला होता, आणि झुल्फिकारखानास आतां कांहींतरी करून दाखविणें प्राप्त झालें. १६९७ च्या हिंवाळ्यांत त्यानें नेटानें हल्ले सुरू केले. राजाराममहाराज डिसेंबरांत गुप्तपणें किल्ल्याबाहेर पडून वेलोरास गेले. मोगल छावणींतील शिर्के मंडळींस वश करण्यासाठीं खंडो बल्लाळानें आपलें कोंकणांतील वतन सोडून दिलें, अशी कथा बखरकार सांगतात. खानाचे डोळे त्या रात्रीं मिटलेले असावे असा संशय पुष्कळांनीं घेतला आहे, आणि तो निराधार दिसत नाहीं. पुढें १६९८ च्या आरंभीं दाऊदखान पन्नी, दलपतराव बुंदेला इत्यादि सरदारांच्या लोकांनीं तट चढून किल्ला घेतला. वेढा सुरू झाल्यास सव्वासात वर्षें होऊन गेलीं होतीं. किल्ल्यास नुस्रतगड असें नांव मिळालें. राजा मात्र मिळाला नाहीं. तो त्याच फेब्रुवारींत विशाळगडास येऊन पोंचला, आणि मराठ्यांची राजधानी लौकरच सातारास झाली. ब्रह्मपुरीस बसून सरदारांकरवीं हें युद्ध संपत नाहीं, हें ओळखून एक्याऐंशीं वर्षांच्या बादशहानें १६९९ च्या ऑक्टोबरांत छावणी हलविली आणि सह्याद्रीचे गड स्वतः घेण्यास तो निघाला. १७०७ मध्यें अहमदनगरास त्याचा अंत झाला तेव्हां त्यांपैकीं कित्येक गड पुन्हां मराठ्यांकडे गेलेले होते.

चंदीचा पुढील इतिहास थोडा आहे. बुंदेले किल्लेदार, अर्काटचे नवाब, फ्रेंच, इंग्रज असे धनी एकामागून एक आले. त्यांतील एकच गोष्ट येथें सांगण्याजोगी. १७५० च्या सप्टेंबरांत बुसी नांवाच्या फ्रेंच सेनानायकानें एका रात्रींत तिन्ही टेकड्या घेतल्या, आणि सकाळीं उजेडांत ते कडे पाहून आपण येथें चढलों कसे याचें त्याच्या लोकांसच आश्चर्य वाटलें. खडक तोच होता, घळ तीच होती. त्या रात्रीं माथ्यावर ज्यांचा पहारा होता त्यांना मात्र राखावयाचें असें कांहीं उरलेलें नव्हतें.

२०२५ च्या जुलैंत युनेस्कोनें मराठ्यांच्या लष्करी वारशाचे बारा किल्ले जागतिक वारसास्थळांच्या यादींत घेतले. त्यांतील अकरा महाराष्ट्रांत आहेत. बारावी जिंजी. राजगिरीच्या माथ्यावर आज रंगनाथाचें देऊळ आहे, धोंड्यांच्या कपारींत झुडपें वाढलेलीं आहेत, आणि घळीवरून जाण्यास पूल कायमचा पडलेला असतो.